पन्नास करवंट्या पाणी

मी रोपांना पाणी घातलं. घालू नकोस असं मला तीनदा बजावलं होतं: एकदा तोंडी, एकदा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने, आणि एकदा तळेऱ्याच्या नाक्यावर सुटत्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून. तरी मी ते घातलं, आणि तेही एखाद्या दिवशी भूल पडून नव्हे, तर जवळजवळ तीन महिने, रोज सकाळी, हिशेबाने, प्रत्येकी एक करवंटी. आयुष्यात इतक्या नेमाने मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. अभ्यास तर नाहीच.

अभ्यासाचं सांगायचं तर मी तेव्हा कोल्हापूरला इंटर सायन्सला नापास होऊन गावी परतलो होतो. नापास व्हायला मला वनस्पतिशास्त्राने मदत केली नाही, त्यात मी काठावर पास होतो. बाकीच्या विषयांनी मात्र एकजूट दाखवली. माझे वडील, आमचे आबा, गावातले शाळामास्तर. त्यांनी या निकालातून तेवढंच उचललं आणि देवळाच्या पायरीवर बसून सांगू लागले, की दिगूचा विषय झाडं. गाव आमचा आचऱ्यापासून आत, दोन-अडीच कोसांवर. तिथे झाडं हा विषय असतो हेच लोकांना नवं होतं. त्यामुळे आमच्या कॉलेजातले सर एका पावसाळ्यात आमची देवराई बघायला घाट उतरून आले, तेव्हा त्यांना माझ्याशिवाय दुसरा कोण मिळणार? सरांनी मला वर्गात कधी फारसं पाहिलेलं नव्हतं, हेही माझ्या पथ्यावर पडलं.

आमची देवराई डोंगराच्या कुशीत आहे. वरचा चढ जांभ्याचा, तापला की अनवाणी पाय टेकवत नाही. तिथे ऐन, किंजळ, कडूजहर काजरा. खाली वळणावर मात्र एक पाणथळ, तिथे भर उन्हाळ्यात चिखल. त्या चिखलात रानजायफळाची नऊ मोठी झाडं उभी होती, मुळांचे गुडघे वर काढून, म्हातारी माणसं अंगणात बसतात तशी. त्यांच्या मधून झरा निघायचा, झऱ्याचा पाट व्हायचा, आणि पाट जायचा भिवा आजोच्या पोफळीच्या बागेत. भिवा आजो माझा कुणी नातलग नव्हे, साऱ्या गावाचाच आजो. अंगाने काटकी, तोंडाने काजरा. त्याची मुलगी सासरी, बायको गेलेली. पोफळी हीच त्याची माणसं, आणि ती सगळी त्या एका पाटावर जगत होती. पाट आटला तर आजोला दुसरं काही नव्हतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सरांचा प्रश्न साधा होता. पाणथळीतली झाडं वरच्या चढावर का दिसत नाहीत? धनेश पक्षी रानजायफळाचं बी चोचीत घेऊन डोंगरभर फिरतो, बी सगळीकडे पडतं, पावसात उगवतंही. "मग ते मरतं कधी, आणि कशाने?" सर म्हणायचे. "जंगलात कुठे काय रुजतं याला फार महत्त्व नाही, दिगंबर. कुठे काय उन्हाळा काढतं त्यावर सगळं ठरतं." याआधी दोन गावांत त्यांनी रोपं लावली होती. एका ठिकाणी ती गुरांनी खाल्ली, दुसऱ्या ठिकाणी वणव्याने. देवराईत गुरं जात नाहीत आणि कुणी काडी पेटवत नाही, म्हणून ते आमच्याकडे आले. अर्थात देवराईतलं वाळकं पानही देवाला विचारल्याशिवाय उचलायचं नाही, तिथे खड्डे खणायचे म्हणजे कौल घ्यायलाच हवा. गुरवाने पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही पडेना. सर घड्याळ बघू लागले. मग उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. आम्ही पन्नास रोपं चढावर लावली, पन्नास पाणथळीच्या कडेला. दोन्हीकडे अर्धी ओलीची, म्हणजे रानजायफळ नि सुरंगी, अर्धी कोरडीची, म्हणजे ऐन नि काजरा. प्रत्येकाला पत्र्याची चकती, चकतीवर नंबर. आठवड्याला एकदा जाऊन वहीत लिहायचं: जिवंत, कोमेजलेलं, मेलेलं. जाताना सरांनी तीन नियम सांगितले. हात लावायचा नाही. पाणी घालायचं नाही. कीव करायची नाही. मी मान हलवली. तिसरा नियम मला त्या वेळी विनोदी वाटला होता.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. कोकणात दुष्काळ म्हटलं की घाटावरचे लोक हसतात, तुमच्याकडे आभाळ फाटतं म्हणतात. फाटतं खरं, पण आमचा जांभा म्हणजे चाळण. चार महिने ओतलेलं सगळं दर्याला देऊन टाकतो. हस्त, चित्रा, स्वाती बरसल्या तर उन्हाळा निघतो. त्या वर्षी गणपती पाण्यात गेले त्याच आठवड्यात पाऊसही गेला, तो परत फिरकलाच नाही. मला तो काळ आठवतो तो आवाजांवरून. एरवी पहाटे आमच्या वाडीत विहिरींवरच्या पाणी काढायच्या लाकडी लाटा कुरकुरायच्या. एक थांबली की दुसरी, आणि पाणी ओतल्याचा धबधब. संक्रांतीपासून एकेक लाट मुकी होत गेली. आमची सगळ्यांत शेवटी बोलत होती, पण तिचाही सूर बदलला. दोर लांब, पाणी थोडं, आणि खाली पोहऱ्याने खडक खरवडल्याचा आवाज, तो ऐकला की दात आंबायचे. आईने पाण्याच्या वाटण्या केल्या. स्वयंपाकाला दोन हंडे, गुरांना चार कळश्या, आणि माणशी एक कळशी आंघोळीला. जेवणही पाण्याच्या हिशेबाने चाललं. सकाळी पेज, तिच्यासोबत भाजलेला सुका बांगडा. दुपारी कुळथाची पिठी. तांदूळ धुतलेलं पाणी गुरांना, आणि ताटं चुलीतल्या राखेने पुसून ठेवायची. घरात आई, आबा, मी आणि वहिनी. दादा जामसंड्याला शाळेत मास्तर, पंधरा दिवसांनी यायचा. वहिनीला पाचवा महिना होता. तिला आंघोळीला दोन कळश्या, असं आईने फर्मान काढलं होतं, आणि वहिनी त्यातली एक गुपचूप गुरांच्या डोणीत ओतायची. आमच्या घरात पाणी चोरून देणारा मी एकटाच नव्हतो, एवढंच मला सांगायचं आहे.

आता रोपांना नावं ठेवण्याचं पाप मी का केलं ते सांगतो. आळसामुळे. नंबर लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात. चढावर उभं राहून वही उघडण्यापेक्षा घरी येऊन पडल्या पडल्या 'गुरव बरा आहे, पोस्टमन कोमेजलाय' असं आठवून लिहिणं सोपं. म्हणून चढावरच्या पन्नास रोपांना मी गावातली पन्नास माणसं वाटून दिली. एक काजरा भिवा आजोला दिला, तो त्याला शोभायचा. शेवटचा, पन्नासावा नंबर, एक ताठ, रुंद पानांचा ऐन, तो मी स्वतःला दिला. आणि सतरा नंबरचं नाजूक रानजायफळ वहिनीला, कारण त्याची पानं तिच्या लुगड्यासारखी गर्द हिरवी होती.

माघात एका सकाळी वर गेलो तर सतरा नंबरने मान टाकलेली. पानं कडेने गुंडाळलेली, शेंडा खाली. मी वहीत 'कोमेजलेलं' लिहिलं आणि घरी आलो, तर वहिनी ओसरीवर घोंगडी पांघरून कुडकुडत होती. हिवताप. आई कपाळावर पट्ट्या ठेवत होती, आबा जामसंड्याला चिठ्ठी लिहीत होते. मी विज्ञानाचा विद्यार्थी. हिवताप डासाने होतो हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं आणि त्याला गुणही मिळाले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीची कळशी खांद्यावर घेतली, परड्यातल्या न्हाणीकडे जातो असं दाखवलं, कुंपणातून सटकलो आणि देवराईच्या चढावर जाऊन सतरा नंबरला एक करवंटी पाणी घातलं. मग वाटलं, शेजारी अठरावर आई आहे. आईला वगळायचं? आईला घातलं तर आबांना? आबांना घातलं तर गुरवाला, तो तर देवाचा माणूस. कळशीत बरोबर पन्नास करवंट्या पाणी बसतं, हा शोध मला त्या दिवशी लागला. माझं नाव शास्त्रात राहणार असेल तर तेवढ्यासाठीच.

पाचव्या दिवशी वहिनी उठून बसली. दादाने पाठवलेल्या कोयनेलच्या गोळ्यांनी बसली, पण सतरा नंबरनेही त्याच सुमाराला मान वर केली, आणि मी दोन्हींचं श्रेय घेतलं. त्यानंतर थांबायची माझी हिंमत झाली नाही. पन्नास माणसांचे जीव माझ्या कळशीत, असं एकदा डोक्यात बसल्यावर माणूस कसा थांबेल? आठवड्याला एकदा पंचा ओला करून अंग पुसायचो. माझ्या मानेवर मिठाची पुटं चढली. आईने एकदा जेवायला वाढता वाढता नाक मुरडलं आणि म्हणाली, "झिला, तू पाणी अंगार घेतंस, काय देवाक नैवेद्य दाखवतत तसां नुसता दाखवतंस?" आबा म्हणाले, "अगो, शास्त्रज्ञ लोकांचां असांच असता." वहिनी पदराआड हसली. मी पिठी ओरपत राहिलो. आणि वहीत एकही खोटा आकडा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. रोप जिवंत होतं म्हणून जिवंत लिहिलं. तेच तर वाईट होतं.

एकच माणूस त्या चढावर आला. शिमग्याच्या आधी भिवा आजो काठी टेकत वर आला आणि माझ्या रोपांकडे बराच वेळ बघत राहिला. सभोवार रानातले ऐन, किंजळ सगळे उघडे, एक पान नाही. आणि मध्ये माझी पन्नास रोपं मांडवातल्या केळीसारखी टवटवीत.

"ह्यो ऐन रे?"

"ऐनच. पन्नास नंबर."

"शिमग्याक ऐन हिरवो?"

"शास्त्र आसा आजो," मी म्हणालो.

तो खाली बसला, शेजारच्या एका निष्पर्ण ऐनाच्या पोराची साल नखाने खरवडली. आत हिरवट ओल होती. "बघ. सुक्याक पान सोडता तो जगता. पान धरून रवता तो मरता. माजी पोफळ पान धरता, म्हणान तिका पाट लागता. ऐनाक खंयचो पाट?" मग माझ्या ऐनाच्या बुंध्याशी त्याने बोट टेकवलं. माती काळपट होती. त्याने बोट धोतराला पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि उतरून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत विचार केला की या लोकांना निरीक्षणाची पद्धत माहीत नसते.

चैत्रात गावातल्या तीन विहिरी एकाच आठवड्यात आटल्या. बायका पाणथळीच्या झऱ्यावर रांगा लावू लागल्या, वाटीने भरून हंडा भरायला अर्धा दिवस. मानकरी देवळात जमले. वसंत खोत नावाचा एक मानकरी, माणूस वाईट नव्हता, त्याच्याच घरात सात तोंडं तहानलेली, तो म्हणाला, पाणथळ खणून मोठी तळी करूया, झरा सगळ्यांच्या उपयोगी पडेल. पण तळी करायची तर नऊ झाडं तोडायला हवीत. "तशीय ती झाडांच पाणी पितत," तो म्हणाला. "नव झाडां म्हणजे नव हत्ती."

भिवा आजो खांबाला टेकून बसला होता. "ती पाणी पितत न्हय, पाण्यार सावळी धरतत," तो म्हणाला. "सावळी गेली काय झरो गेलो. मगे तळयेत काय, माजी राख भरतलास?"

"आजो, तुजी पोफळ मरतली म्हणान बोलतंस तू."

"मरतलीच," आजो म्हणाला. "ता खोटा आसा काय?"

कुणी तरी म्हणालं, देवाची झाडं तोडायची कशी? तेव्हा आमचे आबा उठले. आबांनी उपरणं सारखं केलं आणि ठेवणीतल्या मराठीत म्हणाले, "गावकऱ्यांनो, झाडं नष्ट करायची नाहीत. खालची रोपं वर लावता येतील. तिथे ती जगतात की नाही याचा अभ्यास माझ्या मुलाने सहा महिने केलेला आहे. दिगंबर, वही वाच." मी वही वाचली. चढावरच्या पन्नासांपैकी मेलेली दोन, बाकी जिवंत. रानजायफळं तर सगळी. देवळात सुस्कारा उठला, सुटकेचा. वाचताना माझा आवाज इतका स्वच्छ लागला होता, की मला स्वतःलाच खरं वाटू लागलं. भिवा आजो माझ्याकडे बघत होता. तो ओल्या मातीबद्दल बोलला नाही. बोलला असता तर बागेसाठी बोलतो असंच म्हणाले असते. तो वाट बघत होता, मी बोलेन म्हणून. मी वही मिटली आणि तिच्या पुठ्ठ्यावरचा डाग पुसत बसलो.

मग गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे.

"मास्तराच्या झिलान वयीत लिवल्यान, तुजी खालची झाडां वयल्या चढार जगतत."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हाराजा, खालची काढून वर लावक तुजी परवानगी होया."

"व्हय म्हाराजा."

तिन्ही वेळा मीही म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. उजवी पाकळी लगेच पडली. देवाने माझ्यावर नव्हे, निदान आबांच्या मराठीवर विश्वास ठेवला असावा.

दुसऱ्या दिवसापासून तोड सुरू झाली. रानजायफळावर कुऱ्हाड पडली की खाचेतून लाल रस येतो, दाट, वाहता, हे पुस्तकात वाचलेलं असणं वेगळं. पहिल्या झाडाखालचा चिखल लाल झाला तेव्हा तोडणाऱ्यांनी कुऱ्हाड खाली ठेवून विडी ओढली, आणि मग पुन्हा उचलली. झाड पडलं तेव्हा देवराईत एक भोक पडलं, आणि त्यातून ऊन सरळ झऱ्याच्या तोंडावर आलं. त्या जागी ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. बायकांनी त्या दिवशीही हंडे भरले, आणि म्हणाल्या, आता उजेड झाला, बरं झालं.

त्याच आठवड्यात आमचीही लाट मुकी झाली. आईने आंघोळी बंद केल्या. मी देवळाकडच्या एका विहिरीवर पाणी मागून बघितलं, एका घरच्या डोणीत हात घातला आणि बैलाने शिंग उगारलं. थोडक्यात, माझ्या पन्नास माणसांना पाणी मिळेना. तीन दिवस ती ताठ होती. चौथ्या दिवशी शेंडे झुकले. आठव्या दिवशी चढ उघडा पडला: गुरव, पोस्टमन, आबा, सगळे पानं धरून, तपकिरी होऊन, जागच्या जागी उभे. हातभर अंतरावरचे रानातले ऐन होते तसेच, निष्पर्ण आणि मजेत. सतरा नंबरचं पान मी बोटात धरलं तर त्याचा चुरा झाला.

मी धावत घरी आलो. चप्पल वाटेत कुठे राहिली ते कळलं नाही. मला ओसरीवर काय दिसेल याची इतकी खात्री होती, की परड्यात शिरतानाच माझा आवाज फुटला होता. वहिनी ओसरीवर पाय पसरून बसली होती, मांडीवर परात, परातीत कैरीच्या फोडी, आणि ती त्या मिठात बुडवून मचामचा खात होती.

"काय झाला, भावजी? वाघ लागलो काय पाठी?"

मी पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. नावं, सतरा नंबर, आंघोळीची कळशी, वही. ती ऐकता ऐकता खायची थांबली. तिच्या नावाच्या रोपाचं ऐकून हसली, मग वहीचं ऐकून हसू गेलं.

"झाडां किती पडली?"

"तीन. चवथ्याक दोर लावलोहा."

"आणि ह्या माका कित्याक सांगतास?" ती म्हणाली. "माजी पोफळ आसा थंय? जा. ज्येंका सांगूचा तेंका सांगा."

मी पोचेपर्यंत चौथं झाड पडलं होतं. ते मी वाटेत ऐकलं. आजही कुठे मोठं झाड पडल्याचा आवाज आला, अगदी दूरदर्शनवरही, की मी आधी मोजतो, पाचवं तर नाही ना.

गुरवाला जाऊन सगळं सांगितलं. "देवासमोर वाचलंस," तो म्हणाला, "देवासमोर मोडूक व्हया." घंटा वाजवून त्याने सगळ्यांना बोलावलं. कुऱ्हाडी खांद्यावर घेऊन तोडणारे आले, हंडे घेऊन बायका आल्या, आबा शाळा सोडून आले, पाठोपाठ शाळाही आली. मी जे बोललो ते दोन वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं, कुणी तरी ओरडेल. गुरवाने पाकळ्या लावल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, मास्तराच्या झिलान झाडांका चोरून पाणी घातल्यान."

"व्हय म्हाराजा."

"आणि वयी वाचली तेवां गप रवलो."

"व्हय म्हाराजा."

"तेची अक्कल ल्हान आसा, तेका पदरात घे."

"व्हय म्हाराजा." आमच्या गावात एवढ्या एकमुखाने गाऱ्हाण्याला साथ मिळाल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांत मोठा आवाज आबांचा होता. तोड थांबवायची का, हे विचारायच्या आतच उजवी पाकळी खाली आली.

पाच झाडं राहिली. आजही पाच आहेत, नवीन एकही नाही. तळी झाली नाही, पण उन्हाचं भोकही बुजलं नाही, आणि त्या उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा झाला. पाट भिवा आजोच्या बागेत अर्ध्यावर जाऊन मुरायचा. अर्ध्याच्या खालच्या पोफळींनी एकेक करून शेंडे टाकले. आजो रोज सकाळी त्या ओळीतून फिरायचा, एकेकीला हात लावून, आजारी माणसाचं कपाळ बघावं तसा. मी एकदा कुंपणाशी गेलो होतो, काही मदत लागेल का विचारायला. माझ्या हातात कळशी होती. त्याने कळशीकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. पुढे कित्येक वर्षं मी मोठ्या पगारावर खतांच्या खात्यात नोकरी केली, लोकांना झाडं कशी जगवावीत यावर व्याख्यानं दिली. त्या व्याख्यानांत ही गोष्ट कधी आली नाही. वहिनीला मुलगी झाली, ठणठणीत. तिला आता नातवंडं आहेत आणि ती सगळी मला 'सतरा नंबरचे आजोबा' म्हणतात, हे वहिनीचं काम.

सर वैशाखाच्या शेवटी आले. मी त्यांना पत्र लिहून सगळं कळवलं होतं. तरी ते आले. चढावर पोचल्यावर त्यांनी खणायला पारय मागितली आणि माझं एक मेलेलं रानजायफळ उपटलं, मग एक ऐन, मग दुसरा. मुळं सगळी वरच्या वर, फणीच्या दातांसारखी आडवी पसरलेली. रोज सकाळी वरून करवंटी मिळणार हे कळल्यावर खाली कशाला जातील? मग त्यांनी शेजारचं रानातलं ऐन खणायला घेतलं, वीतभर उंचीचं, पान नसलेलं. हातभर खणलं तरी मूळ संपेना. ते जांभ्याच्या भेगेतून सरळ खाली उतरलं होतं, कुठे ते शेवटपर्यंत कळलंच नाही, पारयच वाकली. सर गुडघ्यांवर बसून त्या भेगेत बराच वेळ बघत राहिले. तीन वर्षं आणि तीन गावं त्यांनी या एका उत्तरासाठी घालवली होती, आणि उत्तर मिळालं ते माझ्या बिघडवण्यातून, कुठल्याही कागदात लिहिता न येण्यासारखं. त्यांनी वही चाळली, सगळी पानं, आणि पिशवीत टाकली.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. एवढंच.

भिवा आजो कधी वर आला होता ते मला कळलं नाही. नावांची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. पोरं चढावर येऊन आपापले बाप शोधत असत. तो काठीवर रेलून उभा होता.

"माजो खंय?" त्याने विचारलं.

मी काजरा दाखवला. साऱ्या पन्नासांत तो एकटा जिवंत होता. माझं पाणी पिऊनही त्याने पानं टाकली होती, आणि आता काटकीच्या टोकाला एक तांबूस डोळा फुटला होता. आजोने काठीच्या टोकाने त्याच्या बुंध्याभोवतीची माती जरा सारखी केली.

"आणि तुजो?"

मी सरांच्या पायाशी पडलेल्या रोपाकडे बोट केलं. पन्नास नंबर. आजो वाकला, त्याने ते उचललं, चकती वाचायचा प्रश्नच नव्हता, त्याला अक्षर येत नव्हतं. त्याने मूळ आपल्या बोटाला लावून मोजलं. बोटापेक्षा तोकडं होतं. मग वाळकी रुंद पानं, जी एकही गळली नव्हती, ती बघितली, मग मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, आणि ते रोप माझ्या हातात ठेवलं.

"नाव बरोबर ठेवलंस," तो म्हणाला.